अहो, पिशाच्च!

वेलांटीरावांच्या लेकीने त्यांच्याशी बोलणं बंद केलं, त्याला तीन महिने होऊन गेले होते. भांडण वगैरे काही झालेलं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, निदान चार वाक्यं तरी कानावर पडली असती. ती उत्तरं द्यायची, नाही असं नाही. 'हं', 'नाही', 'माहीत नाही' आणि 'काही नाही' अशी एकूण चार उत्तरं तिने जवळ बाळगली होती, आणि प्रश्न कुठलाही असो, त्यातलं एक चालून जायचं. शाळेत काय झालं? काही नाही. पेपर कधी आहे? माहीत नाही. पंधरा वर्षांची मुलगी, आणि शब्दसंग्रह चार नगांचा. त्यातलाही एक तर शब्दसुद्धा नव्हे, नुसता हुंकार. वेलांटीरावांना हे फार लागलं होतं. लहानपणी हीच पोरगी त्यांच्या ताटाशेजारी बसून दिवसभराचं सगळं सांगायची, अगदी वर्गात कुणाचं नाक वाहत होतं इथपासून.

वेलांटीराव पेशाने मुद्रितशोधक. म्हणजे लोकांनी लिहिलेलं आणि छापायला दिलेलं जे काही असेल, त्यातल्या चुका छपाईआधी शोधून काढायच्या. बावीस वर्षं एकाच छापखान्यात, एकाच खुर्चीत बसून त्यांनी हे काम केलं होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत ते सख्ख्या भावालाही सोडत नसत, म्हणून छापखान्यातल्या लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं. त्या नावात शुद्धलेखनाची एकही चूक नसल्यामुळे त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

तर एका रविवारी पट्टी शोधायला म्हणून ते लेकीच्या टेबलाशी गेले आणि भूमितीच्या वहीखाली त्यांना ते पुस्तक सापडलं. काळंकुट्ट मुखपृष्ठ. त्यावर एक फिकट चेहऱ्याचा तरुण, कॉलर वर केलेला, आणि त्याच्याकडे पाठ करून उभी असलेली एक मुलगी, जिच्या मानेवर दिग्दर्शकाने सांगितल्यासारखा उजेड पडला होता. नाव, 'तुझ्या मानेपाशी'. मागच्या बाजूला लिहिलं होतं, 'तो तीनशे बारा वर्षांचा आहे. ती सतरा. त्याला तिचं रक्त हवंय. त्याला तिचं मन हवंय. आधी काय?' आत वाचनालयाचा शिक्का होता आणि पानांच्या कडा हाताळून मऊ पडल्या होत्या.

वेलांटीरावांनी पट्टीचा नाद सोडला. ते पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"हे बघ काय वाचतेय तुझी लेक."

चांगले गुण मिळाले की ती त्यांची लेक असे, एरवी बायकोची. बायकोने ओल्या हातांनीच मुखपृष्ठ पाहिलं आणि म्हणाली, "वाचू द्या हो. वाचतेय ना? तिच्या वयात तुम्ही काय वाचत होतात?"

"व्याकरण."

"म्हणून तर," बायको म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. 'म्हणून तर' म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं धाडस वेलांटीरावांना झालं नाही.

सल्ला देणाऱ्यांची मात्र इमारतीत वानवा नव्हती. तळमजल्यावरच्या औषधवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि ठामपणे सांगितलं, "रक्ताच्या गोष्टी आवडतात? अहो, अंगात लोह कमी असणार. शरीर मागतं. दुसरं काही नाही." त्यांनी लोहाच्या औषधाची मोठी बाटली काढून दिली. लेकीने तिला हात लावला नाही. बाटली वाया घालवणं जिवावर आलं म्हणून वेलांटीरावांनी ती स्वतः संपवली, आणि तेवढे पंधरा दिवस त्यांच्या पोटाचं जे काही झालं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

शेजारच्या बाईंनी पत्राद्वारे समुपदेशनाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला होता. त्या म्हणाल्या, "विरोध अजिबात करू नका. तिच्या जगात शिरा. ती वाचते तेच तुम्ही वाचा. मग बघा, बोलायला विषय मिळेल. आपोआप बोलायला लागेल." बाईंचा स्वतःचा मुलगा त्यांच्याशी फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून बोलत असे, पण 'आपोआप बोलायला लागेल' हे तीन शब्द वेलांटीरावांच्या मनात घर करून बसले. ठरलं तर मग. वाचायचं.

लेक पुस्तक दोनदा वाचून संपवून आता दुसऱ्याच पुस्तकात बुडाली होती आणि परत करायला अजून नऊ दिवस होते. ती शाळेतून परस्पर क्लासला जायची आणि सातला घरी यायची. वेलांटीराव सहाला यायचे. हिशेब सोपा होता. सकाळी पुस्तक पिशवीत घालायचं, जेवणाच्या सुट्टीत वाचायचं, संध्याकाळी भूमितीच्या वहीखाली होतं तसं ठेवून द्यायचं. छापखान्यात अब्रू राहावी म्हणून त्यांनी त्याला रोज घालता-काढता येईल असं खाकी कागदाचं कव्हर केलं आणि वर सुरेख अक्षरात लिहिलं, 'वार्षिक अहवाल'.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हातात पेन्सिल नसताना वेलांटीरावांना छापील मजकूर वाचताच येत नसे. छापीलच कशाला, लग्नाआधी बायकोने पाठवलेलं पहिलं पत्र त्यांनी दुरुस्त करून परत पाठवलं होतं, असं बायको अजून चारचौघांत सांगते. वेलांटीरावांना हे मान्य नाही. त्यांच्या मते त्यांनी फक्त एक अनुस्वार दिला होता.

पहिल्याच पानावर 'कि' होती. दुसऱ्यावर 'रक्तपिपासु', शेवटचा उकार चक्क ऱ्हस्व. पेन्सिल आपसूक चालू लागली. चौथ्या पानावर मात्र ते थबकले. तिथे लिहिलं होतं, 'तो पिशाच्च खिडकीत आला.' तो पिशाच्च? पिशाच्च हा शब्द नपुंसकलिंगी. ते पिशाच्च. जसं ते भूत, ते माकड, ते पत्रक. लेखिकेने ही चूक पुस्तकभर केली होती. वेलांटीरावांनी समासात टिपणी केली, 'नायक नपुंसकलिंगी आहे. सर्वत्र तसे करावे.' आणि 'तो'च्या जागी 'ते' करायला बसले. तो आला, खोडा, ते आले. तो हसला, खोडा, ते हसले.

सतराव्या पानावर दुसरी अडचण उभी राहिली. सतरा वर्षांची नायिका तीनशे बारा वर्षांच्या माणसाला सरळ अरेतुरे करत होती! 'अरे, तू मला घाबरवलंस.' वेलांटीरावांना खरोखर राग आला. घरात आजोबांच्या वयाचा माणूस आला तर आपण असं बोलू का? आणि हे तर आजोबांच्या आजोबांच्याही आधीचे. त्यांनी लिहिलं, 'वयाने ज्येष्ठ. आदरार्थी बहुवचन हवे. अहो, तुम्ही.' आता प्रश्न असा की नायक पिशाच्च म्हणून नपुंसकलिंगी धरायचा, की ज्येष्ठ म्हणून आदरार्थी? या विचारात त्यांचा एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी डबा उघडताना त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लिहायच्या भाषेत दोन्हीचं रूप एकच होतं! 'ते आले.' भूत आलं तरी ते आले, आणि आजोबा आले तरी ते आलेच. एका दुरुस्तीत दोन नियम पाळले जात होते. इतका आनंद त्यांना बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

आणि खरं सांगायचं तर गोष्ट त्यांना आवडायला लागली होती. हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नाही, स्वतःजवळही नाही. पण चौथ्या दिवशी ते डबा खायला विसरले. नायिकेला जुन्या किल्ल्यात कोंडलं तेव्हा त्यांच्या हाताला घाम सुटला, आणि 'किल्ल्यात'मधला एक ल राहून गेला होता, तो त्यांना दिसला नाही. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

घोळ व्हायचा तो याच दिवसांत झाला. निवृत्त शिक्षकांच्या संघटनेचा खराखुरा वार्षिक अहवाल त्यांच्याच टेबलावर तपासायला आला होता. एक खाकी, एक पांढरा, दोन्ही शेजारी शेजारी. एका हाताने किल्ला, दुसऱ्या हाताने अहवाल, असं चाललेलं असताना पेन्सिल चुकली. अहवालाचं प्रूफ संघटनेकडे गेलं, आणि दुसऱ्या दिवशी संघटनेचे अध्यक्ष काठी टेकत स्वतः छापखान्यात हजर झाले. त्यांच्या परिचयाशेजारी वेलांटीरावांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'हे गृहस्थ इतकी वर्षे मृत असूनही सभांना कसे येतात? खुलासा व्हावा.'

"मी मेलोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांना राग येण्यापेक्षा काळजी वाटलेली दिसत होती.

मालकांनी वेलांटीरावांना केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि ती ओळ त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली. ओरडले असते तर परवडलं असतं.

एवढं सगळं सोसून त्यांनी आठव्या दिवशी पुस्तक संपवलं. तीनशे चौऱ्याऐंशी पानं, एकही न सोडता. आणि मग शेवटच्या पानाखाली त्यांनी रोजच्या सवयीने लिहिलं, 'तपासले. दुरुस्त्या करून प्रूफ पुन्हा पाठवावे.' खाली सही केली, तारीख घातली, कव्हर काढलं आणि पुस्तक होतं तिथे ठेवून दिलं. आपण काही लिहिलं आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. दिवसभरात श्वास किती घेतले, हे कुणी लक्षात ठेवतं का?

त्या रात्री जेवताना त्यांनी मोठ्या आशेने विषय काढला. "काय गं, तीनशे बारा वर्षं म्हणजे बराच काळ झाला, नाही?"

"हं," लेक म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक वाचनालयात परत केलं.

पुढचे तीन आठवडे शांततेत गेले. मग एका संध्याकाळी लेक क्लासहून आली ती दप्तर न काढताच त्यांच्यासमोर उभी राहिली. डोळे लाल झाले होते. हातात वाचनालयाची नोटीस होती.

"बाबा, तू माझ्या पुस्तकात लिहिलंस? सगळ्या वर्गाने वाचलं. सगळ्या हसतायत. माझं सगळ्यात आवडतं पुस्तक होतं ते, आणि आता वाचायला घेतलं की मला नुसतं 'अहो, अहो' ऐकू येतं!"

वेलांटीरावांच्या मनात पहिला विचार आला तो, एका दमात चार वाक्यं बोलली! याची त्यांना पुढे बरेच दिवस लाज वाटली. तोवर ती आत गेली होती आणि खोलीचं दार आतून बंद झालं होतं. आता ती चार उत्तरंही बंद झाली. विचारलं तर ती आईकडे बघायची, आणि आई तिच्या वतीने म्हणायची, "काही नाही म्हणतेय."

वाचनालयाची नोटीस त्यांनी वाचली. 'आपल्या पाल्याने नेलेल्या ग्रंथाचे विद्रुपीकरण झाल्याचे आढळून आल्याने तिचे सभासदत्व तूर्त स्थगित करण्यात येत आहे.' लेक आठवड्याला दोन पुस्तकं वाचणारी. तिचं कार्ड बंद, आणि तेही बापाच्या पापापायी. शिवाय विद्रूपीकरणातला उकार ऱ्हस्व पडला होता, पण ते त्यांनी गिळलं.

दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून ते वाचनालयात गेले. ग्रंथपालबाई काउंटरमागे बसल्या होत्या. बाईंची उंची बेताची, पण नजर अशी की उंच माणूस आपोआप वाकून उभा राहायचा.

"गुन्हा माझा आहे," वेलांटीराव म्हणाले. "मुलीचं कार्ड सोडा."

"अर्ज करा. ग्रंथ-विद्रुपीकरण कबुली अर्ज. तीन प्रतींत." बाईंनी छापील अर्ज पुढे सरकवले.

अर्जाच्या मथळ्यातही तोच ऱ्हस्व! इतकं मोठं अक्षर, इतकी उघडी चूक. वेलांटीरावांनी तो उकार दीर्घ केला आणि मग अर्ज भरला.

बाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. "खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही. हे नवीन घ्या."

दुसऱ्या संचात त्यांनी मन घट्ट केलं. पण तिसऱ्या ओळीत 'पालकाचे नांव' आलं. नांव! हा अनुस्वार नियमाने जाऊन जमाना झाला. हात पुढे गेलाच. तोही संच बाद झाला. तिसऱ्या वेळी बाईंनी त्यांची पेन्सिल काढून घेऊन ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केली आणि दोरीला बांधलेलं वाचनालयाचं पेन दिलं. वेलांटीरावांनी 'नांव' पुढे स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"आता बघा तुम्ही काय करून ठेवलंय ते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ती प्रत उघडून वाचायला सुरुवात केली. आवाज अगदी सरकारी. "'वादळी रात्र होती. ते आले. ते खिडकीत उभे राहिले. अहो, ती थरथरत्या आवाजात म्हणाली, आज फार दिवसांनी आलात तुम्ही.'" बाईंनी पुस्तक मिटलं. "मला सांगा, हे पिशाच्च आहे की फिरतीवरून परत आलेला नवरा?"

वेलांटीरावांना पहिल्यांदाच ते तसं ऐकू आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आणि हे, 'नायक नपुंसकलिंगी आहे'? शाळकरी मुली वाचतात हे!"

"बाई, तो व्याकरणाचा शब्द आहे हो!" वेलांटीराव कळवळून म्हणाले. पण वाचनालयात ते जरा मोठ्याने गेलं, आणि वर्तमानपत्रं वाचणारे सगळे पेन्शनर माना वळवून बघू लागले.

खरी मेख पुढेच होती. वाचनालयात या कादंबरीची दुसरी, कोरी प्रतही होती. ती धूळ खात पडली होती, आणि या प्रतीसाठी सतरा मुलींनी नंबर लावले होते. मुली काउंटरवर येऊन सरळ 'पेन्सिलवाली द्या' म्हणत. त्यातल्या दोघी तर या मालिकेचे बाकीचे चार भाग घेऊन आल्या होत्या आणि 'तेही काकांकडून तपासून मिळतील का' विचारत होत्या. बाईंनी प्रकरण समितीपुढे ठेवलं. समितीची बैठक कोरम नसल्याने एकदा तहकूब झाली, दुसऱ्यांदा खोलीची किल्ली न सापडल्याने जिन्यात झाली. मुलींनी तिथे निवेदन दिलं, 'हि प्रत खोडु नये'. चार शब्दांतल्या... असो. पेन्सिल कुलपात होती.

निकाल लागला तो असा. संबंधित इसमाने तीन रविवार सकाळी वाचनालयात बसून आपल्या सर्व टिपण्या आपल्याच रबराने, ग्रंथपालांच्या समक्ष खोडाव्यात. रबराचा भुगा स्वतः झाडावा. काम पूर्ण झाल्यावर मुलीचं कार्ड मोकळं होईल.

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस स्वतःच्या दुरुस्त्या खोडत बसला आहे, हे दृश्य बघायला पहिल्या रविवारी बरीच गर्दी झाली. पेन्शनरांचं बघून झालं आणि मुली आल्या. सतरापैकी पाच-सहा तरी दर रविवारी असायच्याच. त्यांनी टेबलाभोवती खुर्च्या ओढल्या आणि काका, काका करत गप्पा सुरू केल्या. त्यांच्यात दाताला तार बसवलेली एक होती, ती सगळ्यांत बोलकी. वेलांटीरावांची स्वतःची लेक सोडून शाळेतल्या यच्चयावत मुली त्यांच्याशी बोलत होत्या. हे दुखणं कुणाला सांगायचं?

"एक विचारू का?" रबर फिरवता फिरवता त्यांनी म्हटलं. "या माणसात, म्हणजे या पिशाच्चात, तुम्हाला एवढं आवडतं तरी काय?"

"केस," एक म्हणाली.

"त्याला परीक्षा नाही," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. बाईंनी काउंटरवरून चष्म्यावरून पाहिलं. मग तारवाली जरा गंभीर झाली.

"काका, खरं सांगू? बाहेर सगळे चांगले दिसतात आणि नंतर कळतं कोण कसं आहे ते. हा पहिल्या भेटीतच सांगतो, मी वाईट आहे, लांब राहा. निदान सांगतो तरी. आणि भीती वाटली तरी पुस्तकातच वाटते ना? मिटलं की संपली."

"एवढंच?"

"नाही. दोनशे अकराव्या पानावर आहे खरं ते. तुमची मुलगीच आम्हाला म्हणाली होती, बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल, तेवढं पान वाचा."

वेलांटीरावांचा हात थांबला. लेक या मुलींशी बोलत होती तर! पण ते तेव्हा चव्वेचाळिसाव्या पानावर होते, आणि मधली पानं टाकून पुढे उडी मारणं त्यांच्या पेशात बसत नव्हतं. ते क्रमानेच गेले. पहिला रविवार संपला, दुसरा संपला. घरी लेक समोरून गेली तर ते बाजूला सरकून वाट द्यायचे, पाहुण्यासारखे.

तिसऱ्या रविवारी दहाच्या सुमाराला दोनशे अकरावं पान आलं. त्या पानाचा कोपरा इतक्या वेळा दुमडला होता की तो तुटायलाच आला होता. पानावर वेलांटीरावांनी एकही ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं नव्हतं. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी एक तिरपी रेघ ओढली होती, पुढच्या पानावरही ओढली होती, आणि बाजूला लिहिलं होतं, 'अनावश्यक. कथानक पुढे सरकत नाही. गाळावे.'

त्यांनी रेघ खोडली आणि खालचं वाचलं, या वेळी हातात फक्त रबर घेऊन. त्या दोन पानांत काहीच घडत नव्हतं, हे खरंच. ना किल्ला, ना रक्त. नायिका नुसती बोलत होती. तिची लहानपणापासूनची मैत्रीण एक दिवस वर्गात तिच्याशेजारून उठली आणि काही न सांगता दुसरीकडे जाऊन बसली, एवढीच गोष्ट. सतराव्या वर्षी ही केवढी मोठी गोष्ट असते, ते ती अडखळत, पुन्हा पुन्हा तेच तेच सांगत होती. आणि ज्याला तिचं रक्त हवं होतं तो समोर बसून ते सगळं ऐकत होता. मध्ये एक अक्षर बोलत नव्हता. तिचं सांगून संपेपर्यंत.

वेलांटीरावांना आपलं जेवणाचं टेबल दिसलं. तीन महिन्यांपूर्वी, नाही, आता पाच झाले. लेकीने घास तसाच हातात धरून म्हटलं होतं, "बाबा, आज ती दुसऱ्या बेंचवर जाऊन बसली. मला काही बोलली पण नाही."

आणि ते म्हणाले होते, "बेंच नव्हे, बाक. आणि 'बोलली पण नाही' काय? 'बोललीसुद्धा नाही' म्हणावं."

तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं होतं. त्यांनी वरण वाढून घेत विचारलं होतं, "हं, काय सांगत होतीस?" आणि ती म्हणाली होती, "काही नाही." ते पहिलं 'काही नाही' होतं.

वेलांटीराव उठले. "बाई, राहिलेली पानं पुढच्या रविवारी."

"पण आज शेवटचा रविवार ठरलाय," ग्रंथपालबाई म्हणाल्या. मग त्यांनी वेलांटीरावांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हातातलं रजिस्टर मिटून म्हणाल्या, "बरं. भुगा झाडून जा."

घरी लेक खाटेवर पाय पसरून पडली होती, तोंडासमोर भूमिती. वेलांटीराव दारात उभे राहिले. आत यायला विचारावं का, हेही त्यांना कळेना. शेवटी ते येऊन समोरच्या खुर्चीत बसले.

"दोनशे अकराव्या पानापर्यंत आलोय," ते म्हणाले.

पुस्तक जरा खाली आलं. पुन्हा वर गेलं. "हं."

"मी त्यावर रेघ मारली होती. मूर्खपणा केला. तुझ्यावरही मारली होती, जेवताना. ती तुझी मैत्रीण दुसऱ्या बेंचवर गेली, त्या दिवशी."

पुस्तकाचं एक पान उलटलं गेलं. "काही नाही झालं," लेक म्हणाली.

एरवी इथे वेलांटीराव उठून जात. आज ते बसून राहिले. त्यांनी पेपर उघडला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही, घसा खाकरला नाही. स्वयंपाकघरात बायकोने दोनदा भांडं आपटून काय चाललंय याचा अंदाज घेतला आणि मग तीही शांत झाली.

"कशाला बसलायस?" लेकीने पुस्तकामागून विचारलं.

"असाच."

मग भूमितीचं पुस्तक हळूहळू पोटावर आलं. ती छताकडे बघत बोलू लागली. "तिला ना, दुसऱ्या मुलींनी काहीतरी सांगितलं होतं माझ्याबद्दल. खोटं. मला दोन आठवड्यांनी कळलं. मग मी एकदा जिन्यात तिला गाठली आणि मी तिला बोलली..."

ती थांबली. मान वळवून तिने बापाकडे पाहिलं. वेलांटीरावांच्या ओठांची हालचाल झाली होती. बावीस वर्षांची सवय जिभेच्या टोकाशी येऊन उभी होती. त्यांनी जीभ दातांखाली धरली, दुखेपर्यंत.

"'म्हणाले' पाहिजे ना तिथे?" लेकीने विचारलं. "'मी तिला म्हणाले.'"

"असू दे गं," वेलांटीराव म्हणाले. "मग ती काय बोलली?"

लेकीने पाय आखडून घेतले, खाटेवर त्यांच्यासाठी जागा केली, आणि ती काय बोलली ते सांगायला लागली.